पायाखालचा गुरू



आपले दत्तमहाराज एका जागी बसणारे नव्हेत. काशीला स्नान, करवीरात भिक्षा, माहूरला निद्रा, हा त्यांचा नित्यक्रम आपण लहानपणापासून ऐकत आलो. जो देव रोज चालतो, त्याच्या भक्तानं कसं चालावं, हा प्रश्न मला मात्र फार उशिरा पडला.

काही वर्षांपूर्वी जुलैत मी पन्हाळा ते पावनखिंड पायी गेलो होतो. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली, तीच ही वाट. मसाई पठार ओलांडलं की ती वाड्यावस्त्यांतून, भातखाचरांच्या कडेनं जाते. पावसाळ्यात नुसता चिखल. बूट रुतायला लागले तसा मी खाचराच्या बांधावर चढलो. माझं बघून मागचे पंचवीस-तीस जण चढले. बांध ढासळला आणि आम्ही सगळे नव्या लावणीत उतरलो.

रोप लावणारी एक वयस्कर बाई कंबर सरळ करून म्हणाली, "दादा, तुमच्या पायाचा चिकूल धुतला की जातोय. माझं रोप न्हाई आता उठायचं."

"चुकलं, मावशी," म्हणालो आणि पुढं गेलो. बांध सावरायला थांबलो नाही.

रात्री मनानं पळवाट काढली. आपण काही मौजेला आलो नाही, पुण्यस्मरणाला आलो. एवढ्या तेवढ्यानं काय होतंय? पण पुण्य माझं आणि नुकसान तिचं, हा हिशेब कुठल्या देवाला चालेल?

अवधूतांच्या चोवीस गुरूंची कथा भागवताच्या एकादश स्कंधात आहे. त्यात पहिला गुरू पृथ्वी. तिच्याकडून सोसणं शिकायचं. मी उलटंच शिकलो. ती सोसते म्हणून तिला तुडवली. खरं तर त्या दिवशी सोसायचं होतं मी, तेही नुसता चिखल! त्याच कथेतला भुंगा फुलाफुलातून थोडं थोडं घेतो, फूल दुखवत नाही. आपल्या मधुकरीला नाव मिळालं ते त्या मधुकरावरूनच.

पुढच्या जुलैत त्या वाडीत पुन्हा गेलो. बांध कुणीतरी घातला होता. मावशी दिसल्या नाहीत.

आता दत्तजयंतीला आम्ही चालत नृसिंहवाडीला जातो. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो. कुणी कांडं मोडायला गेला तर मी अडवतो. मागितलं तर शेतकरी आपणहून दोन देतो. पाण्याची बाटली घरची. द्रोण, पिशव्या, जे नेलं ते सगळं परत आणायचं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमात काही टाकायचं नाही. चिखल आला तर चिखलातूनच जायचं.

वाडीला आपण पादुकांपुढे डोकं टेकतो. महाराज पावलं मागं ठेवून गेले, ती आपण पूजतो. आपल्या पावलांमागं काय राहतं, तेवढं एकदा मागं वळून बघावं.