जागा सुटलेला दगड

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 47 अंशांच्या घरात जातो. अशा गावाजवळ एकेकाळी बर्फ जमीन घासत सरकत होता, यावर सहज विश्वास बसत नाही. पण चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई गावाजवळ, पैनगंगेच्या पात्रात, फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाने 1875 साली बर्फाच्याच खुणा नोंदवल्या. चुनखडकाचा माथा घासून गुळगुळीत झालेला, त्यावर एका दिशेने गेलेले ओरखडे आणि वर बारीक गाळात रुतलेले लहानमोठे धोंडे. वाहते पाणीही दगड गुळगुळीत करते, पण असे सरळ ओरखडे ओढत नाही. तळाशी दगड धरून सरकणारा बर्फ ओढतो. हा थर सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा.

फेडनच्या आधी पंचवीसेक वर्षे या मुलखातले खडक लोक तपासत होते ते मुख्यतः कोळशासाठी. सिरोंच्याजवळ प्राणहितेकाठी कोटा हे गाव आहे. तिथे डॉ. बेल यांनी कोळशाच्या शोधात बोअर घेतले. तिथल्या चुनखडकाच्या पाट्यांत जाड, चकचकीत खवल्यांचे मासे सापडले आणि 1851 मध्ये एगर्टन यांनी त्यांचे लेपिडोटस डेक्कनेन्सिस असे नामकरण केले. युरोपातल्या ज्युरासिक खडकांतले मासे याच घाटाचे होते, त्यावरून कोट्याच्या खडकाचे वय ठरू लागले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप त्याच सुमारास पाने, शिंपले, हाडे गोळा करत हिंडत होते. या सगळ्यांच्या मनातला हिशेब साधा होता: खालचा थर जुना, वरचा नवा, जीव बदलत गेले, जमीन मात्र जिथे होती तिथेच आहे.

बर्फाने हा हिशेब मोडला. उष्ण कटिबंधातल्या सखल जमिनीवर हिमनदी आली कशी? त्यातच धोंड्यांच्या या थरावरच्या कोळशात, ज्यावर आज बल्लारपूर-घुग्घूसच्या खाणी चालतात, ग्लॉसॉप्टेरिस या झाडाची जिभेच्या आकाराची पाने सापडत होती, आणि तशीच पाने ऑस्ट्रेलियातही होती. समुद्रापार एकच पान! भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी 1872 मध्ये या खडकमालेसाठी गोंडवन हे नाव सुचवले, 1876 मध्ये फाइस्टमँटेल यांनी ते छापले आणि 1885 मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस यांनी एका अख्ख्या प्राचीन भूखंडाला ‘गोंडवनभूमी’ म्हटले. ज्या गोंड राजांचा परकोट चंद्रपुरात आजही उभा आहे, त्यांच्या मुलखाचे नाव असे जगभरच्या पुस्तकांत गेले. पण झ्यूससुद्धा जमीन सरकली असे म्हणत नव्हते. मधली जमीन समुद्रात बुडाली, असे त्यांचे मत. खंडेच सरकली, हे वेगेनर यांनी 1912 मध्ये मांडले. बहुतेकांनी ते नाकारले. त्याच वर्षी दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीने शेवटपर्यंत सोबत ठेवलेल्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने निघाली. तरीही वेगेनरचे म्हणणे सर्वमान्य व्हायला 1960 चे दशक उजाडावे लागले. मग इरईचा बर्फ समजला. चंद्रपूरची जमीन तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती.

डायनासोर म्हटले की माणसे गोळा होतात. कोट्याच्याच थरांतून निघालेला बारापासॉरस टागोराय आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंच्याच्या मुलांना आपल्या परिसरातला तो सांगाडा पाहायला एवढ्या लांब जावे लागते, याचे मला वाईट वाटते. पण जमिनीविषयीची आपली समजूत बदलण्यात माझ्या मते इरईच्या ओरखड्यांचा वाटा मोठा आहे.

चंद्रपूर जिल्ह्याचे आणखी एक देणे असेच नजरेआड राहिले आहे. वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्यात डायनासोरच्या काळातल्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये त्यांत अनेक प्रकारच्या गवतांच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. गवताचे इतके प्रकार डायनासोर गेल्यानंतरच फुटले असावेत, असा तोवरचा समज होता. 2011 मध्ये त्याच गोळ्यांतून भातकुळातल्या गवताच्या खुणाही निघाल्या. धानाचे पान हाताला कापते ते याच सिलिकामुळे. चंद्रपूर-गडचिरोलीत पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितले आहे का?

हे सगळे उलगडले ते दगड कुठल्या थरात, कशाच्या खाली, कशाच्या वर होता हे माहीत होते म्हणून. पिजदुऱ्याचे गोळे लाव्हाच्या खडकाखालच्या लामेटा थरातले आहेत, म्हणून त्यांचे वय कळले. इरईचा ओरखडा घरी नेता येत नाही. गोळा मात्र खिशात मावतो आणि शोकेसमध्ये ठेवला की मुका होतो.

म्हणून सिरोंच्याजवळच्या वडधमला दगड झालेली खोडे पाहायला जाल, पिजदुऱ्याच्या शिवारात फिराल किंवा नाल्याच्या दरडीत हाड दिसेल, तेव्हा ते उचलू नका. जागेवरच फोटो काढा, गाव, शिवार, नाला लिहून ठेवा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.