राजाला कळवून

जामुलचं नाव निघालं की भिलाईच्या माणसाला सिमेंट आठवतं. शेजारच्या पोलाद प्रकल्पातला स्लॅग इथल्या एसीसीच्या कारखान्यात दळला जातो आणि गोणी भरून बाहेर पडतो. दत्तकविधानाशी या गावाचं काही नातं असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. पण जामुल ज्या छत्तीसगडात आहे तो मुलूख इंग्रजांच्या हाती गेला, त्याच्या मुळाशी एक न मानलेलं दत्तक आहे. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ मध्ये रतनपुरात बस्तान बसवल्यापासून इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी पोटी मुलगा नसताना वारले. घरातल्या स्त्रियांनी, बांकाबाईंच्या पुढाकाराने, यशवंतराव अहिरराव या नात्यातल्या तरुणाला मांडीवर घेतलं आणि त्याचं नाव जानोजी ठेवलं. गव्हर्नर-जनरल डलहौसीने ते दत्तक मानलं नाही. १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं आणि त्याबरोबर छत्तीसगडही.

त्याच महिन्यांत झाशीलाही हेच घडत होतं. तिथल्या राजा गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, पाच वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं, तेही इंग्रज अधिकाऱ्याला समोर बसवून आणि लेखी विनंती देऊन. साक्षीत किंवा विधीत काही उणं नव्हतं. तरी उत्तर आलं ते असं: या मुलाने वडिलांचं श्राद्ध करावं, खाजगी मालमत्ताही घ्यावी, राज्य मात्र मिळणार नाही.

या उत्तरातली मेख पाहण्यासारखी आहे. कंपनी सरकारने दत्तकाला खोटं ठरवलं नाही. धर्माने तो मुलगा आहे हे कबूल केलं आणि राज्याच्या दप्तरात मात्र तो नाही असं सांगितलं. म्हणजे एकाच मुलाला दोन जन्म लागतात, एक होमापुढे आणि एक सरकारदरबारी. परदेशात राहणारं कुठलंही मराठी कुटुंब दत्तक मुलाला घरी नेण्यासाठी वकिलातीच्या खिडकीशी उभं राहतं, तेव्हा ते याच प्रश्नाशी झुंजत असतं. नातं नक्की कुठे होतं: मनात, विधीत की शिक्क्यात?

धर्मशास्त्राला हा प्रश्न ठाऊक होता. वसिष्ठ धर्मसूत्र सांगतं, की मूल घेणाऱ्याने आप्तांना बोलवावं, राजाला कळवावं, घराच्या मध्यभागी होम करावा आणि मग मूल स्वीकारावं. आजच्या भाषेत यात साक्षीदार आहेत, सरकारी नोंद आहे आणि प्रत्यक्ष देणं-घेणं आहे. सूत्रकाराने आणखी एक अट घातली आहे, की ज्याचे नातलग दूर नाहीत असंच मूल घ्यावं. दूरदेशी जाणारं मूल त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतंच. पण ज्या मुलाचा मागचा धागा हाती लागत नाही, त्याविषयीची धास्ती त्यात स्वच्छ दिसते. त्याच सूत्रात आईबापांना मूल देण्याचा, विकण्याचा, टाकण्याचाही अधिकार सांगितला आहे. शास्त्र वाचायचं तर अर्धं वाचून चालत नाही.

खरं म्हणजे जुनं दत्तक मुलासाठी नव्हतंच. ते बापासाठी होतं, त्याच्या पिंडासाठी आणि कुळाच्या नावासाठी. महाराष्ट्रात प्रमाण मानलेल्या नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूखाने तर लग्न झालेल्या, पोरंबाळं असलेल्या गृहस्थालाही दत्तक जायला मोकळीक दिली. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येई. याला उदारपणा म्हणावं लागेल, पण तो वंशाच्या बाजूचा उदारपणा होता. पाळण्यातलं अनाथ बाळ त्या चित्रात जवळजवळ नाही. मनूच्या बारा प्रकारच्या पुत्रांत ‘अपविद्ध’, म्हणजे आईबापांनी टाकलेला आणि कुणीतरी उचलून घेतलेला, असा एक आहे. व्यवहारात मात्र तो हळूहळू मागे पडला आणि दत्तक तेवढा उरला.

मुलाच्या बाजूने बोलणारी कथा शोधायची तर आणखी मागे, ऐतरेय ब्राह्मणापर्यंत जावं लागतं. अजीगर्ताने शंभर गायी घेऊन मधला मुलगा शुनःशेप यज्ञपशू म्हणून विकला. त्याला यूपाला बांधायला शंभर आणि मारायला आणखी शंभर गायी घेऊन बापच पुढे झाला. देवांनी मुलाला सोडवलं तेव्हा अजीगर्त त्याला परत मागू लागला. शुनःशेपाने नकार दिला आणि तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. विश्वामित्राने त्याला नुसतं घेतलं नाही, आपल्या एकशे एक मुलांच्या वरचं ज्येष्ठपण दिलं. पन्नास मुलांनी ते मानायचं नाकारलं, त्यांना शाप मिळाला. इथे बाप निवडतो आहे तो मुलगा. आजच्या नियमांत कळत्या मुलाची संमती विचारली जाते, हे आधुनिक वाटतं खरं. पण कल्पना त्या यज्ञमंडपाइतकी जुनी आहे.

कायद्याने दिशा बदलली ती दोन टप्प्यांत. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने मुलीला दत्तक घेण्याची वाट मोकळी केली, दत्तहोम आवश्यक नाही असं सांगितलं, पैशांची देवघेव बंद केली. एकदा कायदेशीर झालेलं दत्तक रद्द करता येणार नाही हेही त्यातच आलं. गंमत अशी, की हा कायदा जन्मघराशी असलेले संबंध तोडतो आणि त्याच दमात सांगतो, की दत्तक जाण्याआधी ज्याच्याशी लग्न निषिद्ध होतं त्याच्याशी ते नंतरही निषिद्धच. गोत्र बदलतं, रक्त बदलत नाही, हे सचिवालयातल्या मसुदाकारालाही विसरता आलं नाही.

दुसरा टप्पा परदेशाशी जोडलेला आहे. अहिंदू परदेशी जोडप्यांना हा कायदा लागू नव्हता. ती १८९० च्या पालकत्व कायद्याखाली मुलाचं पालकत्व घेत, त्याला विमानात बसवत आणि तिकडे गेल्यावर दत्तक घेत. मधल्या काळात ते मूल कुणाचंच नसे. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावरून १९८४ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी या व्यवहाराला नियम घालून दिले. त्यातून १९९० मध्ये ‘कारा’ हे केंद्रीय प्राधिकरण आलं आणि २००३ मध्ये भारताने आंतरदेशीय दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार स्वीकारला.

त्या आधीच्या मोकळ्या दिवसांतलं एक उदाहरण मराठी वाचकाला परकं नाही. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मलेली एक मुलगी ससून रुग्णालयातल्या श्रीवत्स या अनाथालयात होती. अमेरिकेत स्थायिक झालेले मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी सू पुण्यात आले ते खरं तर मुलगा पाहायला. त्यांच्या घरी एक दत्तक मुलगी आधीच होती. ते तीन आठवड्यांची ही लैला घेऊन परतले. तीच पुढे सिडनीत वाढली, लिसा स्थळेकर म्हणून ऑस्ट्रेलियाकडून खेळली आणि २०१३ मध्ये मुंबईत विश्वचषक जिंकून निवृत्त झाली. आज तीन आठवड्यांत हे होणं शक्य नाही. स्वतःहून मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी साठ दिवस द्यावे लागतात. त्यानंतर बाल कल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर करते.

आणि तिथून कागदांची खरी यात्रा सुरू होते. तिकडच्या मान्य संस्थेने केलेली घराची पाहणी, काराच्या पोर्टलवर नोंद, मुलाच्या प्रकृतीचा अहवाल, आईबापांची स्वीकृती, काराचं ना-हरकत पत्र. मग दत्तक आदेश. हा पूर्वी न्यायालय देई. १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. मूल दुर्ग जिल्ह्यातल्या संस्थेत असेल, तर जामुलच्या शेतसाऱ्याची कागदपत्रं जिथे जातात त्याच कचेरीतून कुणाचं तरी आईपण मंजूर होऊन येतं. त्यानंतर हेग कराराच्या कलम २३ खालचं प्रमाणपत्र, नवा जन्मदाखला, भारतीय पासपोर्ट, वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडची तपासणी आणि व्हिसा. मूल कडेवर आलेलं असतं आणि घर अजून दोन सह्यांवर अडलेलं असतं. या काळात आईबापांची जी तगमग होते तिला उगाच भावुकपणा म्हणून झटकून टाकू नये.

या यादीतला जन्मदाखला जरा थांबून पाहावा. त्यावर आईबाप म्हणून दत्तक घेणाऱ्यांची नावं येतात. हे असत्य म्हणायचं का? पुरोहित दत्तहोमात मुलाला नवं गोत्र देत असे, तेव्हा तोही जन्म नव्याने मांडत असे. नगरपालिकेचा कारकून आज तेच करतो, मंत्राऐवजी शिक्का वापरून. फरक एवढाच, की जुन्या दाखल्याचीही भूक पुढे लागू शकते. १९७३ मध्ये पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेले अरुण डोले आपल्या जन्माची फाइल मिळावी म्हणून भारतातल्या न्यायालयांत वर्षानुवर्षं लढले. नव्या जन्माने आधीचा जन्म पुसायचा नसतो, हे आता नियमांनीही मानलं आहे आणि मुळाचा शोध घेण्याची वाट ठेवली आहे.

कागद ही कोरडी गोष्ट आणि प्रेम ही खरी, असं म्हणणाऱ्यांनी २००८ मधली मुंबईची एक हकीकत आठवावी. १९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेत दत्तक गेलेली एक मुलगी. तिकडे तिच्या नागरिकत्वाचा शेवटचा कागद कुणी केलाच नाही. पुढे ती अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरली आणि तेव्हा उघड झालं, की ती अमेरिकी नागरिक नाही. नवरा आणि दोन मुलं मागे ठेवून तिची रवानगी मुंबईला झाली. इथली भाषा नाही, ओळखीचं कुणी नाही. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा अमेरिकी कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला, पण त्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी तो नव्हता. ती त्या रेषेच्या पलीकडे राहिली. शिक्षेची गोष्ट वेगळी. पोटच्या मुलीला कुठल्याही गुन्ह्यासाठी आईबापांच्या देशाबाहेर काढलं नसतं. इथे झाशीचाच निवाडा पुन्हा झाला: घरात मुलगी, दप्तरात परकी.

उलट्या दिशेचा पेचही ताजा आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक भारतीय जोडपं होतं. बहिणीचं मूल अमेरिकेत जन्मलेलं, म्हणून अमेरिकी नागरिक. तान्हेपणापासून ते यांच्याकडे वाढत होतं. न्यायालयाने सांगितलं, की अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाला दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीयांना नाही. आधी अमेरिकेच्या कायद्याने दत्तक घ्या आणि मग इथली प्रक्रिया करा. कायद्याच्या अक्षराने निकाल बरोबर आहे. पण घरात रुळलेल्या पोराला आपलं म्हणण्यासाठी आधी समुद्रापार पाठवायचं, यात नियम मुलासाठी केला होता हेच नजरेआड झालं. वसिष्ठाला एकाच राजाला कळवायचं होतं. आता राजे दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत.

तरीही राजाला कळवण्याची अट टाकून द्यावी असं नाही. आईबापांना तो कागद फक्त नेण्याच्या दिवशी लागतो. मुलाला तो जन्मभर लागतो, आणि बहुधा जेव्हा आईबाप शेजारी नसतात तेव्हा. प्रेमाने नातं उभं राहतं हे खरं, पण त्या नात्याच्या जोरावर तिसऱ्यापाशी काही मागण्याचा हक्क शिक्क्याने येतो. म्हणून जुन्या पिंडदानापेक्षा आजची फाइल मला अधिक धर्म्य वाटते: ती बापाच्या परलोकासाठी नाही.

भिलाई-दुर्गकडची किंवा नागपूरकडची पुष्कळ घरं आज परदेशात आहेत आणि भावाचं, मेहुण्याचं मूल घरातल्या घरात दत्तक घेण्याची चाल अजून आहे. दत्तकपत्र रजिस्टर झालं की काम संपलं, असं त्यांनी समजू नये. मूल परदेशी न्यायचं असेल तर काराचं ना-हरकत पत्र लागतं, आणि दत्तक नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीने १९५६ च्या कायद्याखालच्या दत्तकांनाही ती सोय झाली आहे. तिकडे पोचल्यावर मुलाच्या नावाने नागरिकत्वाचा दाखला मागून घ्यावा आणि त्याची एक प्रत इथल्या आजीच्या कपाटातही ठेवावी.