हॅम्लेटची तथाकथित दिरंगाई

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवण्यात आलं. सात दिवसांनी ती गेली. त्या दिवसांत वर्धा जिल्ह्यात हैदराबादचं उदाहरण तोंडोतोंडी होतं. दोनच महिन्यांपूर्वी, ६ डिसेंबर २०१९ ला, बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी मेले होते आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती.

त्या संतापाशी माझं भांडण नाही. घरातली मुलगी जळताना पाहिलेल्या गावाला सभ्यतेचे धडे देणं हा निव्वळ उर्मटपणा आहे. माझं भांडण आहे ते संताप निवल्यावर शहाण्या माणसांनी जे सिद्धांत मांडले, त्यांच्याशी. अशा प्रत्येक प्रकरणानंतर दोन ठरलेली पथकं मैदानात उतरतात. एक म्हणतं, न्यायालयाला वेळ लागतो, म्हणून परस्पर उरका. दुसरं म्हणतं, सूड रानटी असतो आणि न्याय सभ्य. वर्ध्यात राहून लिहिणारा माणूस दुसऱ्याच पथकातला असणार, असं लोक धरून चालतात. डोळ्याच्या बदल्यात डोळा घेत राहिलं तर सगळं जग आंधळं होईल, हे वाक्य इकडे भिंतीभिंतीवर असतं. ते गांधीजींच्या नावावर खपतं. त्यांच्या लेखनात मात्र कुणाला सापडलेलं नाही. ज्याचा डोळा गेला आहे त्याला ते काहीच सांगत नाही, म्हणून ते मी इथेच सोडतो.

पहिल्या पथकाचं तसं नाही. त्याला सोडून चालणार नाही, कारण त्याच्याकडे युक्तिवाद आहे आणि त्यातली शिकलेली माणसं साक्षीला चक्क शेक्सपिअर काढतात. म्हणतात, हॅम्लेट बघा. बापाचा खून कुणी केला हे त्याला पहिल्याच अंकात कळलं होतं. तेव्हाच त्याने चुलत्याला संपवलं असतं तर एकच प्रेत पडलं असतं. तो विचार करत बसला आणि आठ पडली. दिरंगाईची किंमत निरपराधांनी मोजली. व्याख्यानात हे ऐकायला फार पटतं.

प्रेतांचा आकडा बरोबर आहे. दरबारी पोलोनियस, त्याची मुलगी ओफेलिया, हॅम्लेटचे ते दोघे शाळूसोबती, राणी, पोलोनियसचा मुलगा लेअर्टीस, राजा आणि खुद्द हॅम्लेट. बाकी सगळं चूक आहे, आणि चूक कुठे आहे हे जरा सावकाश बघायला हवं.

पहिल्या अंकात हॅम्लेटला नक्की काय कळतं? मेलेल्या बापाचं भूत येतं आणि सांगतं की मला सर्पदंश झाला नव्हता. झोपेत भावाने कानात विष ओतलं. पहारेकऱ्यांना भूत दिसतं, पण ते त्यांच्याशी बोलत नाही. पुढे आईच्या महालात ते पुन्हा येतं तेव्हा आईला दिसतसुद्धा नाही. म्हणजे जबाब देणारा मेलेला, जबाब ऐकणारा एकटा, तोही मृताचा मुलगा आणि गादीचा वारस. ते भूत आपल्याला नरकात लोटायला आलेलं पिशाच्च असू शकतं, ही शंका हॅम्लेट स्वतःच बोलून दाखवतो. आपल्याकडच्या तालुक्याच्या कोर्टातला नवशिका वकीलसुद्धा एवढ्या आधारावर फिर्याद लिहायला बसणार नाही. आणि आपली विद्वान मंडळी म्हणतात, कळलं होतं!

या ठिकाणी मला नेहमी आगरकर आठवतात. ‘विकारविलसित’ हे त्यांनी केलेलं हॅम्लेटचं मराठी रूप १८८३ सालचं. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी त्यातला चंद्रसेन गाजवला, हे सगळे सांगतात. ‘विकारविलसित’च्या आदल्याच वर्षी काय घडलं होतं, ते या संदर्भात कुणी सांगत नाही. कोल्हापूरच्या तरुण शिवाजीमहाराजांना वेडे ठरवून छळलं जातंय आणि यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असा आरोप टिळक-आगरकरांच्या वृत्तपत्रांनी केला. आधार होता काही पत्रांचा. कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. राजवाडा, वेडाचा बोभाटा, आतून आलेली कुजबुज आणि तिच्यावर विश्वास टाकून उचललेलं पाऊल, हे सगळं अंगावर घेतलेला माणूस हॅम्लेट मराठीत आणत होता. महाराजांचा छळ खोटा होता असा याचा अर्थ नाही. १८८३ च्या डिसेंबरात ते अहमदनगरला पहाऱ्यातच, पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत मरण पावले. अन्याय खरा असू शकतो आणि हातातला पुरावा खोटा असू शकतो. आगरकरांइतकं हे कोण जाणत होतं!

तेव्हा हॅम्लेट जे करतो ती दिरंगाई नाही, तपास आहे. नटांची टोळी येते, तो त्यांच्याकडून खुनासारखाच प्रसंग भर दरबारात करवून घेतो आणि मित्र होरेशिओला राजाच्या चेहऱ्यावर नजर ठेवायला सांगतो. हा तपशील माझ्या दृष्टीने सगळ्या स्वगतांहून मोठा आहे. त्याला स्वतःचे डोळे पुरेसे वाटत नाहीत. ज्याचं काही गेलेलं नाही असा दुसरा साक्षीदार त्याला हवा असतो.

दिरंगाईवाल्यांचं यावर उत्तर ठरलेलं आहे. राजा नाटक अर्धवट टाकून उठतो, शंका फिटते. मग लगेच पुढे तो एकटा प्रार्थनेला बसलेला असताना हॅम्लेट उपसलेली तलवार म्यान का करतो? प्रश्न बरोबर आहे, आणि त्यांच्या बाजूचं सगळ्यात भक्कम स्थळ हेच. पण हॅम्लेटने दिलेलं कारण ऐका. प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गात जाईल. याला पापात मग्न असताना गाठायचं, म्हणजे थेट नरकात. या क्षणी तो दिरंगाई करत नाही, भाव वाढवतो आहे. गुन्हा सिद्ध झाला, तर आता देहदंडही कमी पडू लागला. इथे, आणि नाटकात पहिल्यांदा इथेच, तो खरा सूडकरी होतो.

आणि पुढे लगेच काय होतं? आईच्या महालात पडद्याआड हालचाल होते आणि हॅम्लेट एक क्षणही न दवडता तलवार खुपसतो. अखेर वेळीच! पडद्यामागे पोलोनियस निघतो. तीन अंक ज्याने घाई करावी म्हणून आपण तळमळतो, त्याची पहिली घाई भलत्या माणसाचा जीव घेते, आणि ओफेलियाचं वेड, लेअर्टीसचा सूड, शेवटचा विषारी डाव हे सगळं तिथून सुरू होतं. आठ प्रेतांचा हिशेब मांडायचाच असेल तर तो त्या पडद्यापासून मांडा. हैदराबादच्या चकमकीची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने केली. आरोपींवर जिवे मारण्याच्या हेतूने गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असा निष्कर्ष २०२२ मध्ये बाहेर आला. चौघे दोषी नव्हतेच, असं मी म्हणत नाही. ते आता कुणालाच म्हणता येणार नाही, एवढंच म्हणतो. पडदा बाजूला करून बघायच्या आतच तलवार चालली.



माझ्या मते भेद सूड आणि न्याय असा नाहीच. राग दोहोंतही तोच असतो. भेद आहे हिशेब मांडणं आणि हिशेब मिटवणं यांत. मांडायचा तर तो चारचौघांत, समोरच्याला उत्तराची संधी ठेवून, आणि आपण चुकलेले असू शकतो हे धरून. मिटवायला यातलं काहीच लागत नाही. लेअर्टीस हा मिटवणाऱ्याचा अस्सल नमुना. तो देवळात गळा कापायला तयार आहे. त्याचं दुःख खरं आहे, धाडस खरं आहे, आणि म्हणूनच राजा त्याला अलगद खिशात घालतो. ज्याने पिंजऱ्यात उभं राहायचं, तोच शोकाने वेड्या झालेल्या मुलाला बोथट न केलेली तलवार पुरवतो आणि आपल्यावरचा साक्षीदार संपवायला धाडतो. ‘परस्पर उरका’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचावा. परस्पर उरकण्याची सोय सत्तेला नेहमीच सगळ्यात जास्त असते.

यावर एक आक्षेप खरा आहे. मांडायला जागाच नसेल तर? हॅम्लेटच्या एल्सिनोरमध्ये ती नाही, कारण खुनीच न्यायाधीश आहे. खाडिलकरांचं १९०७ चं ‘कीचकवध’ म्हटलं की सगळ्यांना भीम आणि १९१० ची बंदी आठवते. पण मूळ कथेत द्रौपदी भीमाकडे रात्री स्वयंपाकघरात जाते ती आधी विराटाच्या भर दरबारात दाद मागून, लाथ खाऊन, रिकाम्या हाती परतल्यावर. आमच्या जिल्ह्याला तर याचा अनुभव आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आष्टीला ठाण्यावर निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला, माणसं पडली, मग जमावाने पोलिसांना मारलं. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला तसंच. सरकारने खास न्यायालयं बसवून फाशीच्या शिक्षा ठोठावल्या. अनसूयाबाई काळे आणि इतरांनी जीव तोडून केलेल्या प्रयत्नांनंतर १९४५ मध्ये त्या टळल्या. जमावाने हिशेब मिटवला, आणि न्यायाधीशाचा झगा घालून सरकारही तेच करू पाहत होतं.

या सगळ्यात मांडणारा एकच दिसतो, सेवाग्रामचे प्रा. भणसाळी. चिमूरला सैनिक-पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आरोप होते. भणसाळी दिल्लीला गेले, व्हाइसरॉयच्या मंडळात असलेल्या यवतमाळच्या बापूजी अण्यांच्या दारात बसले, तिथून त्यांना परत धाडलं गेलं. त्यांनी उपवास केला तो ६३ दिवसांचा, जानेवारी १९४३ पर्यंत. मागणी काय? कुणाला फाशी द्या, ही नव्हे. निःपक्षपाती चौकशी करा, एवढीच. सरकारला ती इतकी जड गेली की उपवासाच्या बातम्याच छापायला बंदी झाली आणि त्याच्या निषेधार्थ देशातल्या वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच काढले नाहीत. याला कुणी अहिंसेचा विजय म्हणेल. मला त्यात अहिंसेपेक्षा हट्ट जास्त दिसतो: आधी घडलेलं उघड्यावर सांगितलं जाऊ द्या. चौकशी मिळाली नाही. बंदी तेवढी उठली. म्हणजे शिक्षा कुणालाच झाली नाही, आणि तरी चिमूरला जे घडलं ते छापलं जाऊ लागलं. अर्धाच न्याय, हे मान्य. पण पहिला अर्धा तोच असतो, आणि तो वगळून दुसरा मिळवता येत नाही.

हॅम्लेटलाही तेवढंच मिळतं. शेवटच्या प्रवेशात लेअर्टीस मरता मरता सगळ्यांदेखत राजाकडे बोट दाखवतो. भुतानंतरची ही पहिली जिवंत साक्ष. त्यानंतरच हॅम्लेट राजावर वार करतो, आणि दरबार ओरडतो काय, तर राजद्रोह! कानांनी सगळं ऐकलेली माणसं असं ओरडतात, कारण त्यांच्या लेखी गादीवर बसलेला आरोपी असूच शकत नाही. म्हणून होरेशिओ उरलेलं विष प्यायला निघतो तेव्हा हॅम्लेट त्याच्या हातातून पेला ओढून घेतो आणि जगून ही हकीकत सांगायला बजावतो. नंतर आलेला फॉर्टिनब्रास ती ऐकायला सरदारांना बोलावतो. लांबी कमी करायची म्हणून अनेक प्रयोगांत हा भाग कापला जातो आणि पडदा हॅम्लेटच्या मरणावर पाडतात. मग ते एका हळव्या राजपुत्राचं नाटक उरतं, आणि दिरंगाईवाल्यांना रान मोकळं होतं.

हिंगणघाटच्या खटल्याचा निकाल १० फेब्रुवारी २०२२ ला, ती गेल्याच्या बरोबर दोन वर्षांनी, तिथल्याच न्यायालयात लागला. जन्मठेप झाली. ‘दोन वर्षं लागली’ अशी तक्रार पुष्कळांनी केली. त्या दोन वर्षांत साक्षीदार उभे राहिले, उलटतपासणी झाली, आरोपीच्या वकिलाचंही ऐकून घेतलं गेलं. ज्यांना हा वेळ वाया गेला असं वाटतं, त्यांनी निदान हॅम्लेटला साक्षीला बोलावू नये.