सगळ्यात मागे कोण?

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ ग्वाल्हेरवरून जातो आणि जुना आग्रा-मुंबई रस्ताही इथूनच. त्यामुळे इथल्या निवृत्त माणसाच्या मनात लांबचा प्रवास आला, तर रस्ता शोधत हिंडावं लागत नाही. महालेखाकार कार्यालय, वीज मंडळ, जिवाजी विद्यापीठ, बँका अशा नोकऱ्यांवर शहराच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांच्या पिढ्या निघाल्या. तिथून साठी-बासष्टीला मोकळा झालेला माणूस आधी कपाटं आवरतो, मग घरातल्यांना सल्ले देऊ लागतो. घरच्यांना ते पुरेसं झालेलं असतं. अशा वेळी लष्करच्या चौकात, महाराज बाड्यावर चहा पिताना मित्रांपैकी कुणी म्हणतं, ‘चला, बुलेट काढू. थेट कन्याकुमारी!’ दोन हजारांहून अधिक किलोमीटर. आणि सगळ्यांचे डोळे चमकतात.

या वयात हे शोभतं का, हा प्रश्न खरं तर बाद व्हायला हवा. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोने १९२० सालची ‘इंडियन स्काउट’ आयुष्यभर घरच्या घरी कापून-जोडून वाढवली आणि १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तिच्यावर वेगाचा विक्रम केला. ब्रिटिश पत्रकार टेड सायमन १९७३ ते ७७ अशी चार वर्षं ट्रायम्फ मोटरसायकलवरून जगभर फिरला, भारतातही आला, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर, २००१ मध्ये, त्याच वाटेने पुन्हा निघाला. साठीनंतरच्या मोटरसायकलस्वारीचा विषय निघाला, की ही नावं हमखास पुढे येतात.

पण दोघेही एकटे होते. मन्रोच्या मैदानावर समोरून उसाची ट्रॉली येत नव्हती. हँडल हललं असतं, तर जीव त्याचाच गेला असता. सायमनच्या मागेही मित्रांची रांग नव्हती. चार मित्र सार्वजनिक रस्त्यावरून निघतात, तेव्हा हिशेब बदलतो आणि धाडसाच्या गोष्टींतून त्याचं उत्तर मिळत नाही.

हिशेब शरीरापासून मांडावा लागतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोचतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल, तर समोरच्या ट्रकचे दिवे फुटलेल्या काचेसारखे पसरतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २० मीटर जाते. ब्रेकपर्यंत पाय पोचायला अर्धा सेकंद उशीर झाला, की १० मीटर गेलेच. आणि पाय जातो कुठे, हाही प्रश्न आहेच. जुन्या मद्रासी बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. नव्या बुलेटमध्ये हे नेमकं उलट. तरुणपणी ज्या पायाने जुनी गाडी शिकली, त्याला घाईच्या क्षणी काय आठवेल, याची खात्री त्या पायाच्या मालकालाही नसते. गाडी तर जवळपास दोनशे किलोची. बाड्यावरच्या फोटोत तिचा रुबाब दिसतो, चढावर आडवी झाली की वजन कळतं.

कायद्याने आपल्या परीने याची सोय केली आहे. वयाच्या ५५ नंतर परवान्याचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं. चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्या नमुना १-अ मध्ये दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो का, असं विचारलेलं असतं. प्रमाणपत्र कसं मिळतं हे ज्याने-त्याने आठवावं. शिवाय उभ्या गाडीचा नंबर वाचणं वेगळं आणि वाटेतल्या सागर शहराच्या पुढे, सातव्या तासाला, तिरप्या उन्हात खड्डा ओळखणं वेगळं. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

मोटरसायकलवाल्यांच्या टोळीत एक शहाणी रीत असते. सगळ्यात पुढचा ‘लीड’, तो वाट दाखवतो. सगळ्यात मागचा ‘स्वीप’, तो कुणालाही ओलांडत नाही. ज्याचा वेग सगळ्यात कमी त्याला लीडच्या लगेच मागे ठेवतात, म्हणजे सगळ्यांचा वेग त्याच्या बेताने राहतो. लीडचं काम सगळ्यांना हवं असतं. फोटोही त्याचेच निघतात. खरी जबाबदारी मात्र स्वीपची, कारण सगळ्यांच्या पाठी त्यालाच दिसतात. कोण वळणावर बाहेर जातोय, कुणी दोनदा उशिरा ब्रेक लावला, पेट्रोल पंपावर उतरताना कुणाचा पाय थरथरला, हे त्याला कळतं. डॉक्टरला दहा मिनिटांत जे दिसत नाही आणि पुण्यातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर जे कळणं शक्य नाही, ते मागून येणाऱ्या मित्राला दोनशे किलोमीटरमध्ये कळलेलं असतं.

मग तो बोलतो का? बहुतेक नाही. आपल्याकडे मैत्रीत एक वेळ पैसे मागता येतात, पण ‘तू आता चालवू नकोस’ हे म्हणता येत नाही. मुलगा म्हणाला तर ‘शिकवतोस मला?’ होतं, बायको म्हणाली तर कटकट होते. उरतो मित्र. त्याने गप्प राहण्याला आपण जिव्हाळा समजतो. या स्तंभाच्या मते तो भित्रेपणा आहे, आणि त्याची किंमत समोरून सायकलवर येणारा एखादा शाळकरी पोरगाही मोजू शकतो.

मित्राचं ऐकणं ही पुढची गोष्ट, त्याआधी घरच्यांना विचारणं येतं. ग्वाल्हेरशी जोडलेल्या सगळ्यात प्रसिद्ध मराठी प्रवासाकडे या नजरेने पाहण्यासारखं आहे. १८५७ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची बातमी ऐकून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. ग्वाल्हेर, झाशी, अयोध्या, काशी असं भटकून त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड घरी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. चिं. वि. वैद्यांनी संपादित केलेलं त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आलं. भटजी तिशीचे होते, कर्ज फेडायला निघाले होते. तरी निघताना घरच्यांचा होकार घेणं त्यांना गरजेचं वाटलं. आपले साठीतले स्वार मात्र ‘आता कुणाला विचारायचं?’ म्हणून खूश असतात. पंच्याऐंशीच्या आईला रात्रीची गोळी कोण देणार, हे तेव्हा ठरलेलं नसतं. म्हणजे ते न बोलता बायकोवर टाकलेलं असतं. तीही निवृत्तच झालेली असते, आणि कदाचित तिलाही मागच्या सीटऐवजी पुढच्या सीटवर बसायचं असतं.

तेव्हा बाड्यावरच्या चहाला एक विषय वाढवावा. हॉटेलं आणि स्पेअर पार्ट्स यांच्याआधी स्वीप ठरवावा आणि त्याला एक हक्क द्यावा. तो ज्याला ‘आजपासून गाडी सोड’ म्हणेल त्याने त्या संध्याकाळी वाद घालायचा नाही. हे निघण्याआधी शांत डोक्याने कबूल केलेलं असलं, की वाटेतल्या लखनादौनच्या ढाब्यावर अपमान वाटत नाही. गाडी सोडली म्हणजे प्रवास सुटला असंही नाही. सामानाची जीप कुणीतरी चालवायचीच असते, आणि ज्याला तेही झेपणार नाही त्याच्यासाठी आठवड्यातून एकदा हिमसागर एक्सप्रेस ग्वाल्हेर स्टेशनावरून थेट कन्याकुमारीला जाते. मित्र पोचेपर्यंत त्याने तिथे चांगली खोली बघून ठेवावी आणि उशीर केला म्हणून त्यांनाच रागवावं.