हितकर्त्याचा अधिकार

दुसऱ्याचे हित व्हावे ही इच्छा निःसंशय सद्गुण आहे. परंतु त्याचे हित कशात आहे हे ठरविण्याचा अधिकार त्या इच्छेबरोबर आपोआप प्राप्त होतो काय? विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत झालेल्या सुधारणा-चळवळींचा इतिहास वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

त्या चळवळींनी केलेले कार्य मोठे होते. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याच्या एका दाराला कुलूप होते. १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत परदेशांतून आलेल्या तरुण मुलीच बहुसंख्य होत्या. त्यानंतर राज्याने चौकशी आयोग नेमला आणि कामगारांच्या सुरक्षिततेचे अनेक कायदे झाले. त्याआधीच, १९०६ साली, फादर जॉन रायन यांनी ‘अ लिव्हिंग वेज’ हा ग्रंथ लिहिला होता. पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाचा आधार घेऊन त्यांनी प्रतिपादन केले, की माणसासारखे जगता येईल इतके वेतन हा कामगाराचा हक्क आहे. मालकाच्या औदार्यावर तो अवलंबून नाही.

मात्र सुधारणेच्याच नावाने दुसराही एक प्रवाह वाहत होता. सुप्रजननशास्त्राच्या पुरस्कर्त्यांना समाज ‘निकोप’ करावयाचा होता. १९०७ साली इंडियाना राज्याने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. पुढे इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. व्हर्जिनियातील कॅरी बक या तरुणीला मंदबुद्धी ठरविण्यात आले. तिची बाजू मांडणारा वकील पूर्वी तिला डांबून ठेवणाऱ्या संस्थेच्याच संचालक मंडळावर होता. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो कायदा वैध ठरविला. निकालपत्र न्यायमूर्ती होम्स यांचे होते. विरोधी मत एकट्या पिअर्स बटलर यांचे. त्या पीठावरील ते एकमेव कॅथलिक होते.

या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. १९२३ साली स्त्री-कामगारांच्या किमान वेतनाचा कायदा याच न्यायालयाने रद्द केला, तेव्हा बटलर बहुमतात होते आणि होम्स विरोधात. म्हणजे ज्यांना गरीब स्त्रीच्या मजुरीचा कायदा मान्य होता, त्यांना तिचा देह राज्याच्या हाती देण्यात काही वावगे वाटले नाही. आणि ज्यांनी देहाच्या बाबतीत नकार दिला, त्यांनी तिची मजुरी बाजाराच्या हाती सोडली होती. विद्वत्ता दोघांकडेही होती. न्याय मात्र दोघांच्या हातून अर्धाच घडला.

तो पूर्ण होण्यासाठी वेतन आणि देह या दोहोंचे मूळ एकाच ठिकाणी शोधावे लागते. माणूस कोणाच्याही योजनेचे साधन नाही, मग ती योजना नफ्याची असो की समाजहिताची. कामगार यंत्राचा भाग नाही म्हणून त्याला जगण्यापुरते वेतन हवे. आणि दुर्बल व्यक्ती समाजाच्या हिशेबातील तोटा नाही म्हणून तिचा देह तिचाच राहायला हवा.

कॅरीच्या तान्ह्या मुलीलाही त्या खटल्यात सदोष ठरविण्यात आले होते. ती मुलगी पुढे शाळेत गेली आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत झळकली. १९३२ साली, वयाच्या आठव्या वर्षी, आजाराने तिचा मृत्यू झाला. २००२ साली व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी राज्याच्या वतीने या धोरणाबद्दल क्षमा मागितली. तोवर कॅरीही हयात नव्हती.

म्हणून कोणत्याही हितकर्त्याला एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : ज्याचे भले आपण करू इच्छितो, त्याला आपल्यापुढे ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे काय? ती नसेल, तर आपली दया कितीही प्रामाणिक असली तरी तिच्या हाती कुलूप असते.