वेळून काढलेलें पाणी

नाशिक जिल्ह्यांतील घोटी हें गांव भाताच्या गिरण्यांकरितां परिचित आहे. इगतपुरी तालुक्यांतील धुवांधार पावसावर पिकलेलें भात येथें येतें आणि गिरणींतून चार नांवें घेऊन बाहेर पडतें: तांदूळ, कणी, कोंडा आणि तूस. मूळ दाणा एकच. परंतु तांदूळ बाजारास जातो, कणी गरिबाच्या ताटांत नाहीं तर कोंबड्यांपुढें, कोंडा गुरांना आणि तूस भट्टींत. नांव पडतांच धनी ठरून जातो. हीच वांटणी पुढें चुलीवर दुसऱ्यानें होते. भात वेळला कीं शितें एका भांड्यांत राहतात व पेज दुसऱ्यांत उतरते. हरभऱ्याची डाळ शिजवून निथळली कीं पुरण एकीकडे व कट दुसरीकडे. या दुसऱ्या भांड्यांतील पाण्याविषयीं आज लिहावयाचें आहे. तें कोणीं प्यावें हा प्रश्न वरवर पाकशास्त्राचा दिसतो. माझ्या मतें तो नीतिशास्त्राचा आहे.

हें पाणी निःसत्त्व नसतें, हें प्रथम सांगून टाकलेलें बरें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बटाव्हिया येथें आयकमन या डच वैद्यास असें आढळून आलें कीं, सडलेल्या पांढऱ्या तांदुळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात व कोंड्यासहित तांदूळ मिळतांच सांवरतात. या शोधाबद्दल १९२९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कोंड्यांतील तें जीवनसत्त्व पाण्यांत विरघळणारें आहे. म्हणजे गिरणीच्या तडाख्यांतून जें थोडें वांचतें, त्यांतलेंही बरेंचसें पेजेबरोबर निघून जातें. आमच्या आयुर्वेदानें मंड, पेया, यूष हीं आजारांतून उठणाऱ्याचें पहिलें अन्न मानलीं. रोग्याला जें पथ्य, तेंच धडधाकट माणसाच्या घरीं मोरींत ओतलें जातें, ही गंमत पाहण्यासारखी आहे.

कटाचें भाग्य मात्र निराळें. होळीच्या दिवशीं त्यांत चिंच, गूळ, गोडा मसाला, भाजलेलें सुकें खोबरें आणि चमचाभर पुरण पडतें, वर चुरचुरीत फोडणी बसते, आणि पोळीपेक्षां आमटीचीच चौकशी अधिक होऊं लागते. कांहीं भागांत तिला येळवणीची आमटी म्हणतात. येळणें म्हणजे वेळणें, तेव्हां नांवांतच तिचें कूळ सांगितलेलें आहे. आणि जाणती गृहिणी डाळींत पाणी मुद्दाम जास्त घालते, कट पुरेसा निघावा म्हणून! जें उरावें यासाठीं आधींच तजवीज केली, त्यास उरलेलें कसें म्हणावें? त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ही आमटी एकाच पंगतींत सर्वांच्या ताटांत पडते. घरचा कर्ता ती भुरके मारून पितो व पुन्हां मागतो. तिच्या प्रतिष्ठेचें रहस्य मसाल्यांत थोडें आणि या पंगतींत फार आहे.

काटकसर हा सद्गुण आहे असें आपण मुलांना शिकवितों. पण दोन घरें कल्पावीं. पहिल्या घरीं पेजेला मीठ लावून सर्वजण वाटी वाटी पितात. दुसऱ्या घरीं भात पुरुषांना वाढला जातो व मागाहून बसणाऱ्या सुनेच्या वांट्याला पेज आणि खरवड येते. दोन्ही घरांत सारखीच बचत झाली, एक शीतही वायां गेलें नाहीं. तरी दुसऱ्या घरच्या सासऱ्यानें स्वतःस काटकसरी म्हणवून घेणें मला पटत नाहीं. काटकसर झाली ती सुनेच्या पोटाची. गृहिणीच्या टुकीच्या संसाराची स्तुति आपल्याकडे पुष्कळ झाली. शेवटीं तिच्या ताटांत काय पडलें याची विचारपूस फारशी कोणीं केली नाहीं.

घराबाहेर हाच प्रश्न किती भयंकर होतो तें १९४३ सालीं बंगालनें पाहिलें. कलकत्त्याच्या रस्त्यांवर भुकेनें खंगलेलीं माणसें दारोदार ‘फेन’ मागत फिरत होतीं. फेन म्हणजे भाताची पेज. त्यांनीं भात मागितला नाहीं. ज्या दारांत उभें राहावयाचें तेथें भात शिजत आहे हें ठाऊक असूनही मागितला नाहीं. धन्याला ज्याची गरज नाहीं तेवढ्यावरच आपला हक्क पोहोंचतो, अशी सीमा त्या उपाशी माणसानेंच आंखून घेतली होती. ज्यांनीं पेज घातली त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. तिच्यावर कित्येकांचा एक एक दिवस निघाला असेल. पण तिला दान म्हणतांना जीभ अडखळते.

यावर कोणी म्हणेल, मग काय ती मोरींत ओतावी? मुळींच नाहीं. अथर्ववेदांत उच्छिष्टाची महती गाणारें एक संबंध सूक्त आहे. शेष राहिलेल्याला तुच्छ लेखण्याची शिकवण आपल्याला परंपरेनें दिलेली नाहीं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांतही यज्ञशेष खाणाऱ्याची थोरवी सांगितली आहे. मात्र तेथील क्रम पाहावा. आधीं द्यावयाचें, आणि जें उरेल तें स्वतः खावयाचें. शेषाचा धनी देणारा आहे. आपण हा क्रम उलटा केला. आधीं स्वतः जेवलों, उरलें तें दारांत नेऊन ठेवलें, आणि शब्द मात्र जुनेच कायम ठेवले. पेज द्यावयाचीच तर तींत शितें राहूं देऊन द्यावी, आणि त्याच पातेल्यांतील वाटीभर आपणही प्यावी, एवढें केलें तरी बराच फरक पडेल.

अलीकडे कुकर आल्यापासून शहरांतील पुष्कळ घरांत भात वेळण्याची रीतच राहिली नाहीं. पाणी मोजून घालतात, तें दाण्यांतच जिरतें, जीवनसत्त्वही बरेंचसें जागच्या जागीं राहतें. पाकदृष्ट्या ही सुधारणाच आहे. पूर्वी त्या दुसऱ्या भांड्याकडे वासरूं पाहत असे, रांगतें मूल पाहत असे, आणि भांडीं घासावयास येणारी बाई आपली चरवी घेऊन परसदारीं थांबत असे. आतां तें भांडेंच उरलेलें नाहीं. त्या बाईला काय द्यावयाचें याचा विचार पातेल्यांतल्या भातावरूनच करावा लागेल.