जाण खाली, जबाबदारी वर

अमळनेरला बोरी नदी आहे, समुद्र नाही. पाणबुडी इथल्या माणसाला भेटते ती वर्तमानपत्रात. तरीही आपल्या पतपेढीने, शाळेने, नगरपालिकेने तिच्याकडून शिकावं असं बरंच आहे.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘खांदेरी’ २०१९ साली नौदलात आली. नाव शिवकालीन जलदुर्गाचं. लांबी ६७ मीटरच्या आसपास आणि त्यात चाळीसेक माणसं. अशा बोटीवर नेमणूक झाली म्हणून कोणी लगेच पाणबुडीवाला होत नाही. छातीवर डॉल्फिनचा बिल्ला कमवावा लागतो. आपलं काम चोख येणं तिथे धरूनच चाललेलं असतं. बिल्ला मिळतो तो दुसऱ्याचं काम कळल्यावर. नवखा गडी वही घेऊन नळ्यांचा माग काढत बोटभर फिरतो, त्यांचे नकाशे हाताने काढतो आणि जुन्याजाणत्यांपुढे तोंडी परीक्षेला उभा राहतो. पाणी शिरलं तर कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा, दिवे गेल्यावर तो चाचपून कसा शोधायचा, हे स्वयंपाक्यालासुद्धा सांगता आलं पाहिजे. आग काही संबंधित अधिकारी जागेवर येईपर्यंत थांबत नाही.

हुकूम देण्याघेण्याचीही रीत पक्की. ‘खोली पन्नास मीटर’ असं कानावर आलं की ऐकणारा नुसतं ‘हो साहेब’ म्हणत नाही. तो ‘खोली पन्नास मीटर’ हेच शब्द मोठ्याने परत म्हणतो आणि काम झालं की पुन्हा कळवतो. ऐकण्यात चूक असेल तर ती त्याच क्षणी उघडी पडते.

हे झालं जाणकारीचं. आता जबाबदारी. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर कोंडला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी त्यात गेले. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये ‘सिंधुरक्षक’वर १८ जण दगावले होते. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी त्या दिवशी बोटीवर नव्हते, कुठला व्हॉल्व्ह त्यांच्या हातात नव्हता. तरी नैतिक जबाबदारी घेऊन त्यांनी त्याच दिवशी पद सोडलं.

म्हणजे जाण थेट शेवटच्या माणसापर्यंत उतरवायची आणि जबाबदारी थेट वरच्या खुर्चीपर्यंत चढू द्यायची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटी गंगा वाहते. माहिती साहेबांच्या कपाटात आणि किल्ली साहेबांच्या खिशात. ते रजेवर गेले की दाखल्यासाठी खेड्यावरून आलेल्या म्हाताऱ्याला ‘ते टेबल माझं नाही, सोमवारी या’ असं ऐकून परतीची एसटी धरावी लागते. पुढे बोभाटा झालाच, तर खुलासा मागितला जातो शिपायाकडे.

आणि नमुना शोधायला समुद्रावर जायची गरजही नाही. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते स्वतःच आवरून ठेवत. त्याच मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवत. ज्याला ओरडण्याचा अधिकार होता त्याने केर काढला, आणि आपल्याला जे ठाऊक होतं ते रोज सगळ्यांच्या हाती दिलं. नेतृत्वाची दोन्ही कामं त्यात आली.

आपण ज्या संस्थेत आहोत तिची परीक्षा घेणं अवघड नाही. मी उद्या आलो नाही, तर माझं काम कोणाला येतं? आणि माझ्या हाताखालच्याचं काम बिघडलं, तर पहिलं नाव कोणाचं निघेल? पहिल्या प्रश्नाला चार नावं सुचली आणि दुसऱ्याला फक्त स्वतःचं, तर बिल्ला कमावला म्हणायला हरकत नाही.